गाडीचा घसा

नानांची मारुती आळीच्या तोंडाशी आली की आई चहाचं आधण ठेवते. वीस वर्षांचा हिशेब आहे हा. गाडी ऐकू आली, गॅस पेटला, नाना चपला काढून आत येईपर्यंत कप समोर. मागच्या दिवाळीच्या आधी त्यात घोळ झाला. गाडी साताऱ्याच्या पोवई नाक्यावर असतानाच तिला ऐकू यायला लागली (हे तिचं म्हणणं, अतिशयोक्ती आहे, पण फार नाही) आणि नाना पोचेपर्यंत चहाचा काढा व्हायचा.

फोनवर ती म्हणाली, "अरे, ह्यांची गाडी ट्रॅक्टरसारखी वाजतेय. शेजारचं तान्हं बाळ दचकून उठतं."

मागून नानांचा आवाज, "वीस वर्षांची झाली, वाजणारच. तुझे गुडघे नाही वाजत?"

सायलेन्सर फुटला होता. खरं तर तो तीनदा फुटून झाला होता. पहिल्यांदा गॅरेजवाल्याने वेल्डिंगचा टाका मारला, दुसऱ्यांदा टाक्याशेजारी टाका. तिसऱ्यांदा नानांनी स्वतःच दूध-पावडरीचा रिकामा डबा कापला, तो पत्रा पाइपाभोवती गुंडाळला आणि तारेने करकचून आवळला. ते बँडेज दीड महिना टिकलं. मग गॅरेजवाल्याने हात वर केले. "काका, पत्राच राहिला नाही आता. टाका मारायला जावं तर भोकच मोठं होतंय. नवा बसवा." बसवून द्यायलाही तो तयार होता, पण दिवाळी झाल्यावर.

थांबता आलं असतं. पण मोबाइलवर चार व्हिडिओ बघितलेला माणूस थांबत नसतो. मी पुण्यात होतो, हाताशी शनिवार होता, आणि सुटे भाग मिळायला नाना पेठ होती. नानांच्या गाडीला नाना पेठेतला सायलेन्सर, हा विनोद मी त्या दिवशी तीन जणांना ऐकवला. कुणी हसलं नाही.

पहिली मारुती ८०० दिल्लीत १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली आणि २०१४ च्या सुरुवातीला ही गाडी बनायची थांबली. नाना पेठेत मात्र ही बातमी पोचलेली दिसली नाही. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "कार्बोरेटर का एमपीएफआय? ओरिजिनल का लोकल?" (पहिला प्रश्न इंजिनाला पेट्रोल जुन्या पद्धतीने मिळतं का नव्या, याचा.) मी लोकल म्हणालो. त्याने माळ्यावरून एक काळा, तेलकट, लांबलचक ऐवज खाली घेतला आणि माठ घेताना वाजवून बघतात तसं बोटाच्या पेराने त्याच्या पोटावर टकटक केलं. "घट्ट वाजतोय बघा. पत्रा जाड आहे." मीही टकटक केलं. मला काहीच कळलं नाही, पण मी मान डोलावली. चौदाशे रुपये.

माझ्या शेजारी एक पोरगा उभा होता. त्याला बुलेटसाठी 'इंदौरी' हवा होता. नाही म्हटल्यावर 'पंजाबी', तोही नाही तर 'डॉल्फिन'. ही सगळी सायलेन्सरचीच नावं आणि त्यातला एकही सायलेन्ससाठी घेतला जात नाही. एकाच काउंटरवर मी आवाज घालवायला पैसे मोजत होतो आणि तो आणायला. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम सांगतो की प्रत्येक गाडीला इंजिनाचा आवाज शक्य तितका कमी करणारं साधन पाहिजेच. म्हणून तर पोलीस असले जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून वरून रोडरोलर फिरवतात. पोराला हे ठाऊक होतं. म्हणाला, "दादा, पोलिसांपुरता जुना ठेवलाय की घरी."

स्वारगेटहून साताऱ्याची एसटी धरली. सायलेन्सर वर्तमानपत्रात गुंडाळला होता, तरी दोन्ही टोकं बाहेर. कंडक्टरने चष्मा वर करून बघितलं. "ही तोफ कुठल्या किल्ल्यावर निघाली?" मग ती उभी ठेवायची की आडवी यावर तीन प्रवाशांची मतं पडली आणि शेवटी खंबाटकीचा घाट ती माझ्या मांडीवर आडवी झोपून चढली.

बसमध्ये दुसरा उद्योग नव्हता, म्हणून त्या टोकाच्या भोकातून आत डोकावत बसलो. आत नुसती पोकळी नसते. भोकंभोकं पाडलेल्या नळ्या असतात, आडव्या भिंती घालून केलेल्या खोल्या असतात. मारुतीचं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. गाडी जागेवर नुसती गुरगुरत असली, मिनिटाला नऊशे फेरे धरले, तरी साडेतेराशे वेळा ते फुस्स करून धूर सोडतं. हे फुस्स म्हणजे खरं तर लहानसा स्फोटच. तो पहिल्या खोलीत शिरून पसरतो, भोकांतून दुसरीत जातो, आवाजाच्या लाटा भिंतींवर आपटून उलट फिरतात आणि मागून येणाऱ्या लाटांना मारतात. बाहेर पडेपर्यंत जीव उरत नाही. नानांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे आमच्या कचेरीसारखंच. भांडायला आलेला माणूस या टेबलावरून त्या टेबलावर फिरला की जाताना नमस्कार करून जायचा."

अमेरिकेत याला मफलर म्हणतात. आपल्याकडे मफलर म्हणजे नानांच्या गळ्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी असतो तो. घसा झाकायचं काम दोघांचंही, त्यामुळे मला तो शब्द पटतो. तिकडच्याच हायराम मॅक्झिम नावाच्या माणसाने लंडनला जाऊन १८८४ च्या सुमारास मशीनगन बनवली. त्या धडधडाटाने म्हणे त्याचे स्वतःचेच कान गेले. त्याच्या मुलाने, हायराम पर्सी मॅक्झिमने, १९०९ मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं आणि पुढे त्याची कंपनी इंजिनांचेही सायलेन्सर विकायला लागली. बापाने केलेला आवाज मुलाने निस्तरायचा, ही रीत माझ्यापासून सुरू झालेली नाही एवढं समाधान मिळालं.

रविवारी सकाळी सात वाजता अंगणात गाडी घेतली. हँडब्रेक, पहिला गिअर, पुढच्या चाकांना विटा. जॅकवर मागची बाजू उचलली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, हे चारही व्हिडिओंनी बजावलं होतं, म्हणून जुन्या घराच्या सागवानी तुळईचे दोन ओंडके खाली दिले आणि वर स्टेपनीचं चाकही सरकवलं. तरी नाना जॅकशेजारी पाट घेऊन बसले. "तू जा आत. मी धरतो." साडेसहाशे किलोची गाडी ते काय धरणार होते देव जाणे, पण मी आत असेपर्यंत त्यांचा हात जॅकवरून हलला नाही.

खाली दोनच बोल्ट होते. व्हिडिओत तो गोरा माणूस बोल्टला पाना लावतो, पुढच्या क्षणी बोल्ट त्याच्या तळहातावर असतो. मी रात्रीच गंज सुटायचं तेल मारून ठेवलं होतं. बाराचा पाना लावला, जोर दिला, पाना सटकला आणि बोटांची सालटं निघाली. पुन्हा लावला. नट फिरला! आनंदाने ओरडलो. मग लक्षात आलं की नट फिरला नव्हता, नटाचे कोपरे झिजून पाना फिरला होता. आता तो सहाकोनी नट गोल झाला होता, शेंगदाण्याच्या लाडवासारखा. दुसऱ्या बोल्टने अंत बघितला नाही. तो थेट तुटला.

"आटे गेले का?" बाहेरून नाना.

"आट्यांसकट बोल्टच गेला."

"बरं झालं. एक काम कमी."

गोल नट करवतीने कापावा लागला. अख्खी करवत आत मावत नव्हती, म्हणून नुसतं पातं काढलं, एका टोकाला फडकं गुंडाळलं आणि दोन-दोन इंच पुढेमागे, पुढेमागे. पाठीवर झोपून, हात डोक्याच्या वर, गंजाचा भुगा तोंडावर. गंजाची चव मला आता माहीत आहे: न धुतलेल्या लोखंडी कढईची, आणि थोडी रक्ताची. डोळ्यांवर नानांचा जुना चष्मा होता, त्यामुळे डोळे वाचले, पण नट दिसत होता तिथे नव्हताच. पाऊण तास गेला. आईने दोनदा विचारलं, पोहे गार करू का झाकून ठेवू. तिसऱ्यांदा विचारलं नाही.

नट तुटला. रबरी कड्यांतून आकडे सोडवले. सायलेन्सर फरशीवर ठण्णकन आदळला. मी तो ओढून बाहेर काढला, उभा केला, आणि त्यातून पाणी पडलं.

थेंबभर नव्हे. चांगला मोठा पेलाभर, कोऱ्या चहाच्या रंगाचं. मागोमाग गंजाच्या पापुद्र्यांची ओंजळ. आतल्या खोल्या, भिंती, भोकांच्या नळ्या, सगळ्याचे पापुद्रे. हलवला तर खुळखुळ्यासारखा वाजला.

नाना पाटावरून उठून वाकले. "पाणी कुठून आलं? पावसात तर मी गाडी बाहेरच काढत नाही. जपून वापरतो."

पाणी पेट्रोलमधून येतं. मला हे शाळेत शिकवलं असणार, पण फरशीवर ओघळ बघेपर्यंत खरं वाटलं नव्हतं. पेट्रोल जळताना त्यातला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनला भेटतो आणि एक लिटर पेट्रोलमागे जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. गाडी वीस-पंचवीस किलोमीटर सलग पळाली की सायलेन्सर चांगला तापतो आणि ते वाफ होऊन निघून जातं. दोन किलोमीटर जाऊन बंद केली की तो कोमट राहतो. वाफ आतच निवते, धुरातल्या आम्लासकट साठते आणि पत्रा आतून खाते. काही सायलेन्सरना पाणी गळायला तळाशी बारीक भोक ठेवलेलं असतं. नानांच्याही होतं. त्यांनी ते गळती समजून पहिल्याच वेल्डिंगच्या वेळी बुजवून घेतलं होतं.

पोहे खाताना मी त्यांची गाडीची वही मागून घेतली. २००४ पासूनची. रेघा मारून रकाने केलेले: तारीख, किलोमीटर, पेट्रोल, कारण. कारणाचा रकाना त्यांनी कधी रिकामा सोडलेला नाही, कचेरीतली सवय. पहिल्या पानांवर पंढरपूर, कोल्हापूर, गणपतीपुळे, ताईचं बाळंतपण, पुन्हा कोल्हापूर. एकेका नोंदीला दोनशे, तीनशे किलोमीटर. मग हळूहळू अक्षर मोठं होत जातं आणि आकडे लहान. मंडई, ४. बँक, ३. दवाखाना, ५. मंडई, ४. नोव्हेंबरात हयातीचा दाखला, ३. एका अख्ख्या वर्षात एकच मोठी नोंद: कऱ्हाड, लग्न. गॅरेजवाल्याला हे पान दाखवलं असतं तर त्याने सायलेन्सर न बघता सांगितलं असतं.

मी काही बोललो नाही. नानाच म्हणाले, "म्हणजे जपली म्हणून गंजली म्हणायचं."

"तसंच काहीतरी."

"तुझे ते पोहे खा."

नवा बसवायला वीस मिनिटं लागली, त्यातली पंधरा रबरात गेली. रबरी कडीत लोखंडी आकडा जाता जात नव्हता. आई बाहेर आली, बघितलं, आत गेली आणि भांड्याचा साबण पाण्यात कालवून वाटी घेऊन आली. "बांगडी चढवतात तशी चढव." चढली. सांध्यात नवं पॅकिंग, नवे बोल्ट. फाटक उघडं ठेवून गाडी चालू केली (बंद जागेत हा धूर माणूस मारतो, कळतही नाही), मागच्या नळीवर फडकं दाबून सांध्याशी कान नेला. कुठे सुरसुर नाही. नव्या पत्र्यावरचं तेल आणि रंग जळून भकाभका वास आला, शेजारच्या काकांनी वरून "आग लागली का?" विचारलं, आणि मग गाडी गुरगुरायला लागली. पहिल्यासारखी नाही. थोडी जाड, सर्दी झाल्यासारखी. लोकलच तो.

"चला, मंडईपर्यंत फिरवून बघू," नाना म्हणाले आणि मफलर गुंडाळून चालवायला बसले. मी शेजारी. मंडईला वळायचं वळण आलं आणि गेलं. यवतेश्वरच्या घाटाला लागल्यावर मी विचारलं, "कुठवर?"

"तूच म्हणालास ना तापला पाहिजे म्हणून."

कासला जाऊन आलो. फुलांचा मौसम संपला होता, पठारावर नुसतं वाळलेलं गवत आणि वारा. गाडीतून उतरलोही नाही. परत येताना आईने वेळ चुकवली. नवा आवाज तिला ओळखू आला नाही आणि चहाला दहा मिनिटं थांबावं लागलं. तेवढ्यात नानांनी वही काढली, चष्मा पुसला (गंज होता काचेवर, त्यांनी माझ्याकडे बघितलं) आणि रेघ मारून लिहिलं. नंतर मी उघडून पाहिलं. किलोमीटर: ५१. पेट्रोल: आहे त्यातच. कारण: सायलेन्सर वाळवणे.