कृष्णाची दाढी

गोव्यात अंत्रुज महालातल्या, म्हणजे फोंडा तालुक्यातल्या, आमच्या गावात जत्रेच्या रात्री नाटक असतं. पालखी आत गेली की मध्यरात्रीच्या सुमाराला पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत चालतं. त्यात कृष्ण असला तर तो बहुतेक मीच असतो. उंची आहे, पदं बऱ्यापैकी म्हणतो आणि बाहेरचा नट परवडत नाही, एवढीच माझी पात्रता. नाटक संपल्यावर रंगपटात खोबरेल लावून रंग उतरवत असलो की कोणीतरी जवळ येऊन हळूच विचारतं, "तुमच्या गालांवर काही उठत नाही? मी ब्लेड लावलं की दोन दिवस मान जळते." यंदा तिघांनी विचारलं. त्यातला एक माझा भाचा. त्याने वर्षभर दाढी ठेवलीय ती स्टाइल म्हणून, अशी माझी समजूत होती. खरं कारण मानेवरचं पुरळ आहे हे त्या रात्री कळलं. पहाटे साडेचारला तोंडी सांगितलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून लिहून काढतो.

माझ्या गालांवर उठायचं. भरपूर उठायचं. पहिल्यांदा कृष्ण केला त्या संध्याकाळी घाईघाईत पाच पात्यांच्या रेझरने दाढी उरकली होती. गाल गुळगुळीत झाले, तरी समाधान होईना म्हणून त्याच जागेवरून आणखी दोनदा रेझर फिरवला. वर झणझणीत आफ्टरशेव्ह. रात्री रंगभूषा करणाऱ्या काकांनी ओल्या स्पंजने गळ्यावर निळा पॅनकेक लावला मात्र, माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. कंठमण्याच्या दोन्ही बाजूंना निळ्यातून लाल ठिपके वर यायला लागले. घननीळ व्हायच्या ऐवजी मी जांभळा दिसत होतो. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, एका बोटाने माझी हनुवटी वर केली आणि विचारलं, "खाड करता काय माड तासता रे?" (खाड म्हणजे कोकणीत दाढी, घाटावरच्यांसाठी सांगतो.) पहिला अंकभर कृष्ण गोपींकडे बघत नव्हता, मान खाजवत होता.

काकांनी जन्मभर दुसऱ्यांच्या गालांना स्पिरिट गम लावून मिशा चिकटवल्या होत्या. गालावरून बोट फिरवलं की कोण दाढी कशी करतो ते त्यांना कळायचं. नाटकाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला घरी बोलावलं आणि एक जुना, तीन तुकड्यांत सुटणारा स्टीलचा रेझर हातात ठेवला. वरची टोपी, खालची जाळी आणि दांडा. मधे एक पातं. आमच्या आजोबांचा असाच होता, त्यात नवीन काही नव्हतं. नवीन होतं ते त्यांचं पुढचं वाक्य. "रेंदेर पोय तासतो ती बघितलीय? काती दाबतो का तो?" (रेंदेर म्हणजे माडावर चढून माडी काढणारा, पोय म्हणजे माडाचा न उमललेला फुलोरा आणि काती म्हणजे रेंदेराचा कोयता.) दाबत नाही. माडाच्या पोयीचं तोंड रेंदेर रोज तासतो, पण इतकं पातळ की पापुद्रा निघतो. दाबलं तर पोय फुकट जाईल आणि सूर, म्हणजे माडी, मिळणार नाही. सगळं काम कातीच्या धारेवर सोडायचं, हाताने फक्त दिशा द्यायची.

मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. कातडी नाजूक असते हे खरं, पण निम्म्याहून जास्त वेळा हात जड असतो. बाकीचं सगळं हात हलका करायच्या युक्त्या आहेत.

पाच पात्यांत वाईट काय? माझ्या धाकट्या भावाला काहीच होत नाही, तो मजेत वापरतो. पण ज्याचे केस राठ आणि कुरळे आहेत, त्याची गोष्ट वेगळी. पहिलं पातं केस जरा ओढून कापतं, आणि तो परत आत बसायच्या आत मागचं पातं त्याला आणखी खाली कापतं. केस कातडीच्या पातळीखाली जातो. गुळगुळीतपणा येतो तो तिथूनच. मग तो वाढायला लागला की टोकदार तोंडाने आतच वळतो, किंवा बाहेर येऊन पुन्हा कातडीत शिरतो, आणि तिथे फोड येतो. शिवाय एक हात फिरवला की कातडीवरून पाच पाती जातात. तीनदा फिरवला तर पंधरा. मी त्या संध्याकाळी गळ्यावर काय केलं होतं याचा हिशेब मला असा नंतर लागला.

एका पात्याचा रेझर काही आजचा नाही. किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन फिरत्या विक्रेत्याला फेकून देता येणाऱ्या पात्याच्या रेझरचं पेटंट 1904 साली मिळालं. त्याच्या आदल्या वर्षी, विक्रीच्या पहिल्या वर्षात, त्याचे अवघे 51 रेझर आणि 168 पाती खपली होती. दोन पात्यांची कार्ट्रिज बाजारात आली ती 1971 मध्ये. म्हणजे मधली जवळपास सत्तर वर्षं जगाने एका पात्यावर काढली. त्याआधी वस्तरा. आमच्या शेजारच्या मंगेशीचे मास्टर दीनानाथ स्त्रीभूमिकांसाठी गाजले. नऊवारी नेसून उभं राहायचं, गाल नितळ दिसायला हवेत आणि प्रयोगांमागून प्रयोग. त्या काळच्या नटांच्या गाण्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, त्यांच्या दाढीवरही कोणीतरी लिहायला हवं होतं.

आता खरेदी. यात फार वेळ घालवू नका. तीन तुकड्यांचा, बंद जाळीचा (म्हणजे जाळीच्या कडेला दाते नसलेला), साधा रेझर घ्या. पात्याची धार बाहेर कमी डोकावते असा सौम्य रेझर नवशिक्याला बरा. पाती मात्र दोन-तीन वेगवेगळी आणून बघा. टोपाझ, सेव्हन ओ'क्लॉक, विल्किन्सन, अ‍ॅस्ट्रा, जे मिळेल ते. एकाला लोण्यासारखं वाटणारं पातं दुसऱ्याला ओरबाडतं, त्याला इलाज नाही. फेदर हे जपानी पातं फार धारदार, ते हात बसल्यावर. मी आधी वापरायचो त्या कार्ट्रिजचं एक डोकं शंभराच्या पुढे जायचं, म्हणून ते महिनाभर ओढायचो. बोथट पातं म्हणजे आपोआप दाब आलाच. आता चार दाढ्या झाल्या की पातं बदलतो, जीव कासावीस होत नाही. ब्रश कृत्रिम केसांचा घ्या. कारण पुढे सांगतो, त्याचा आपल्या पावसाशी संबंध आहे. क्रीम बिनवासाचं, निदान मेन्थॉल नसलेलं. मेन्थॉलने गार वाटतं आणि आपण निर्धास्त होऊन जोर लावतो.

वेळ घालवायचा तो फेसावर. आंघोळ करून या, किंवा तीनेक मिनिटं कोमट पाण्याचा ओला पंचा तोंडावर धरा. पाणी प्यायलेला केस मऊ होतो आणि कापायला जोर कमी लागतो. मग बदामाएवढं क्रीम आणि ओला करून झटकलेला ब्रश. वाटीत किंवा थेट गालावर फिरवत राहायचं आणि मधूनमधून थेंबथेंब पाणी घालायचं. आपण सगळे इथेच घाई करतो. फुगलेला, बुडबुड्यांचा फेस दिसायला भरगच्च असतो, पण पात्याखाली टिकत नाही. हवा तो फेस घुसळलेल्या दह्यासारखा, चमक असलेला, ब्रशवरून न गळणारा. बुडबुडे दिसले तर आणखी घोळवा, कोरडा वाटला तर आणखी थेंब. मला हे जमायला दोन आठवडे लागले.

आमच्या विहिरीचं पाणी चिऱ्याच्या जमिनीतलं आणि हलकं आहे, साबणाला लगेच फेस येतो. माझ्या मावशीचं घर खाडीकाठी. तिथे मे महिन्यात विहीर मचूळ होते, आणि त्या पाण्यात ब्रश कितीही फिरवा, वाटीत राखाडी साय तेवढी दिसते. तिथे गेलो की दाढीपुरतं तांब्याभर नळाचं पाणी मागून घेतो. तुमचा फेस जमत नसेल तर क्रीमला शिव्या घालायच्या आधी पाणी बदलून बघा.

दाढी करायच्या आदल्या दिवशी एक काम. बोटाने गालावरून, मानेवरून हात फिरवा. ज्या दिशेला गुळगुळीत लागतं ती केसांची दिशा. गालावर ती बहुतेक खाली असते, पण मानेवर काहीही असू शकतं. माझ्या डाव्या बाजूला केस कानाकडे जातात आणि कंठमण्याखाली सरळ वर. इतकी वर्षं मी मानेवर वरून खाली रेझर ओढत होतो, म्हणजे न विचारता उलटा हात मारत होतो. सलूनवाला निदान "उलटा मारू?" असं विचारतो तरी.

रेझर धरायचा दांड्याच्या टोकाकडे, दोन-तीन बोटांत. टोपी गालाला टेकवा, दांडा गालापासून काटकोनात बाहेर. आता दांडा हळूहळू खाली आणा. एका जागी पातं केसाला लागतंय असं कळतं, बारीक चर्र आवाज येतो. पातं तिथे कातडीशी साधारण 30 अंशांत असतं. तो कोन धरून इंच-दीड इंचाचा छोटा हात, केसांच्या दिशेने, रेझरच्या स्वतःच्या वजनाने. दुसऱ्या हाताने कातडी जरा ताणून धरा. ज्या जागेवर फेस उरलेला नाही तिथे पुन्हा रेझर न्यायचा नाही. परत फेस लावा, मग न्या. काका मला पहिला आठवडा नळ बंद ठेवून दाढी करायला लावायचे, आवाज ऐकू यावा म्हणून. कोन चुकला की चर्र थांबतं आणि ओढल्यासारखं वाटतं.

पहिला महिना एकच फेरी, केसांच्या दिशेने, आणि तीही दिवसाआड. संध्याकाळपर्यंत गाल हिरवट दिसेल. दिसू द्या. ऑफिसात तुमच्या हनुवटीवर कोणी गाल घासत नाही. मान शांत झाल्यावर दुसरी फेरी आडवी. उलटी फेरी मी वर्षातून एकदा, जत्रेच्या दिवशी मारतो, तीही फक्त गालांवर आणि दुपारीच, म्हणजे रंग लागेपर्यंत कातडीला आठ-दहा तास मिळतात. मानेवर कधीच नाही. मागच्या रांगेतून कृष्णाची मान कोण बघतो?

दाढी झाली की गार पाणी, आणि मग तुरटी. ओल्या तोंडावरून तुरटीचा खडा फिरवा, अर्धा मिनिट थांबा, धुऊन टाका. बारीक रक्त थांबतं, पण मला तिचा उपयोग मास्तरासारखा होतो. जिथे चुरचुरतं तिथे आज हात जड पडला. पहिल्या महिन्यात माझी सगळी मान बोंब मारायची, आता जबड्याचा डावा कोपरा तेवढा कुरकुरतो. ज्यांची कातडी फार कोरडी आहे त्यांनी तुरटी रोज लावू नये. स्पिरिटवालं आफ्टरशेव्ह मात्र कपाटात शोभेला ठेवा. वर बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर पुरतं. आमच्या घरी थंडीत आई टाचांना भिरंडेल लावते, कोकमाच्या बियांचं ते घट्ट तेल. मी ते चिमूटभर तळहातावर वितळवून मानेला लावतो. मला मानवलं. मुरुमं येणाऱ्यांनी आधी थोड्या जागेवर लावून बघावं.

राहिला पाऊस. जून ते सप्टेंबर आपल्याकडे काहीच वाळत नाही, चपलांनाही बुरशी येते. नैसर्गिक केसांचा माझा पहिला ब्रश न्हाणीत राहिला आणि जुलै संपेपर्यंत त्याला ओल्या कुत्र्यासारखा वास यायला लागला. कृत्रिम केस लवकर सुकतात. ब्रश झटकून, केस खाली करून, न्हाणीबाहेर खिडकीशी टांगा. रेझर सुटा करून झटका. पातं टॉवेलने पुसू नका, धार तिथेच जाते आणि कधीकधी बोटही. वापरलेली पाती एका बंद डब्यात साठवा. कचरा उचलणाऱ्या बाईंच्या हाताला ती लागू नयेत.

आणि काही गोष्टी रेझर बदलून जात नाहीत. फोडांत पू होतोय, लाली पसरतेय, खपल्या धरतायत, तर दाढी बंद करा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. मला स्वतःला एकदा जावं लागलं होतं. रेझर दुसऱ्याला देऊ नका, दुसऱ्याचा घेऊ नका. रंगपटात "जरा दे रे तुझा" असं सर्रास चालतं, ते मला पटत नाही. काकांचा रेझर मी घेतला तेव्हा तो उकळून, नवं पातं घालून घेतला होता. सलूनमध्येही अर्धं पातं तुमच्यासमोर नवं मोडून घालायला सांगा, कोणी रागावत नाही.

भाच्याला एवढं सगळं सांगून झालं. त्याच्यासाठी रेझर आणून ठेवलाय. पुढच्या जत्रेत त्याला बलराम द्यायचं घाटतंय आणि बलरामाला दाढी चालत नाही. मान निवायला दोनेक महिने धर, हात बसायला आणखी दोन, जत्रेला अजून अकरा महिने आहेत, असं त्याला नीट बोटांवर मोजून दाखवलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, रेझर उघडून बघितला, परत बंद केला.

"मामा," म्हणाला, "त्यापेक्षा दुर्वास असलेलं नाटक बसवूया ना."