वही दुसरी: इंग्रजी शब्द आणि शाळेतले लघु-गुरू

हनुवटीखाली तळहात धरून सिलॅबल, म्हणजे शब्दाच्या उच्चाराचे तुकडे, मोजायची सवय आता पक्की झालीय. हनुवटी जितक्यांदा खाली येते, तितकी सिलॅबल. 'न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस' या फुप्फुसाच्या आजाराच्या ४५ इंग्रजी अक्षरांच्या नावाची भरली १९. पण १९३५ साली अमेरिकेतल्या कोडेप्रेमींनी मुद्दाम लांबवलेला शब्द तो. डबे जोडलेली मालगाडी, दुसरं काही नाही.

त्यापेक्षा हेलिकॉप्टर बघा. मला वाटायचं, हेली अधिक कॉप्टर. मुळात ग्रीक 'हेलिको' म्हणजे पीळ आणि 'प्टेरॉन' म्हणजे पंख. टेरोडॅक्टिलच्या स्पेलिंगमधला मुका 'प' तोच. बोलताना मात्र हे-लि-कॉप्-टर, म्हणजे शब्दाचा सांधा 'कॉप्'च्या पोटात गडप! खुद्द इंग्रजीनेच भलतीकडे कात्री लावून हेलिपॅड काढलं.

प्रत्ययांचं मागच्या खेपेला झालंच: '-इक', '-इटी', '-शन' हे प्रत्यय उच्चारातला जोर आपल्या अलीकडच्या सिलॅबलवर ओढतात. फोटोग्राफमध्ये जोर 'फो'वर, फोटोग्राफिकमध्ये 'ग्रॅ'वर. फोटोग्राफर मात्र फ-टॉ-ग्र-फर, जोर 'टॉ'वर. आपण तिन्हीकडे 'फोटो'च लिहितो आणि म्हणतोही तसंच.

या आठवड्याची खरी कमाई वेगळीच. लॅटिनमध्ये शेवटून दुसरं सिलॅबल गुरू असलं तर जोर त्यावर, लघु असलं तर त्याच्या आधीच्यावर. इंग्रजीतल्या पुष्कळ नामांनाही हे लागू पडतं. आणि गुरू म्हणजे दीर्घ स्वर किंवा पुढे व्यंजनांची जोडी. अहो, 'यमाताराजभानसलगा' घोकताना हेच तर शिकलो होतो! अजेंडात 'जें' गुरू, जोर तिथेच. मेमेंटोत (आपल्या सत्कारांतला 'मोमेंटो') दुसऱ्या 'में'वर. सिनेमा, कॅमेरा यांतला 'ने' आणि 'मे' इंग्रजी तोंडात अगदी आखूड, म्हणून जोर पहिल्यावर.

हे सगळं छान चाललं असताना सिलिंडरने तोंडघशी पाडलं. 'लिं' गुरू, तरी जोर 'सि'वर. कारपेंटरचं तेच, कॅलेंडरचंही तेच. शेवटच्या 'अर'वर खापर फोडावं, तर नोव्हेंबर-डिसेंबर आडवे येतात; त्यांचा जोर निमूटपणे 'व्हें' आणि 'सें'वर. म्हणजे कॅलेंडर नियम मोडतं आणि त्याचीच शेवटची दोन पानं तो पाळतात. सध्या या सगळ्यांसमोर वहीत लाल ठिपका आहे. कुणाला युक्ती सुचली तर सांगा.