आंबोलीत लाकडावरची बुरशी: तीन दिवसांची फेरी

गणपती गेल्यावर, सप्टेंबरअखेरीस लाकडावरच्या बुरशीचे नमुने गोळा करायला आंबोली गाठली. मागून जाणाऱ्यांनीही हाच मोसम धरावा. जुलैत पाऊस इतका कोसळतो की नमुना वाळतच नाही. आता उघडीप मिळते आणि लाकूड मात्र ओलंच असतं. जळवा भरपूर, मोज्यांवर मीठ चोळून निघा.

परवानगीचं काम आठवडाभर आधी उरका. राखीव वनात वनखात्याचं लेखी पत्र लागतं, खासगी राईत मालकाचा होकार. हिरण्यकेशीचा परिसर २०२१ पासून जैवविविधता वारसा स्थळ आहे. तिथे फोटो काढा, पटाशी लावू नका.

सगळ्यात जास्त वेळ जांभळाच्या एका पडलेल्या झाडाने घेतला, आणि तो सार्थकी लागला. सालीवर खुरासारखी कडक, तपकिरी बुरशी, वाढती कड मोहरीसारखी पिवळी. खालची छिद्रं नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. दहापट भिंगाखाली पट्टी धरली तर मिलिमीटरला सात-आठ. आतल्या गरावर ५ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकताच गर काळा पडला, म्हणजे कुळ बहुधा हायमेनोकीटेसी. कोकणात फणसावरचा फणसोंबा औषधाला वापरतात, तोही याच कुळातला.

पटाशीने बुरशी काढताना खालचं लाकूडही अंगठ्याएवढं घ्या. लाकूड पांढरं, तंतुमय होऊन कुजलंय की तपकिरी, चौकोनी तडे जाऊन, हे वर्गीकरणात फार मोलाचं. झाड कोणतं, जिवंत की मेलेलं, जमिनीपासून किती उंच, हे पेन्सिलीने लिहा. जेल पेन ओलाव्यात पसरतं. झाड ओळखू आलं नाही तर पान आणि साल सोबत ठेवा. ‘झाडावर’ एवढीच नोंद असलेले नमुने पुढे कुणाच्याच उपयोगी पडत नाहीत.

नमुना कागदी पिशवीत घाला. प्लास्टिकमध्ये घाम सुटतो आणि संध्याकाळपर्यंत दुसरीच बुरशी चढते. डीएनएसाठी वाटाण्याएवढा तुकडा आतल्या गरातून घेऊन सिलिका जेलच्या कुपीत टाका. वरच्या पृष्ठभागावर शेवाळ आणि ट्रायकोडर्मा नावाची दुसरी बुरशी असते, मग डीएनएचा क्रम त्यांचाच येतो. बाकीचा नमुना मुक्कामीच ४० ते ४५ अंशांवर वाळवा. घरी आल्यावर आठवडाभर उणे २० अंशांत ठेवा, नाहीतर भुंगेरे आतून पोखरून भुगा करतात. दिवसाला पंधरा नमुने पुरे, कारण त्याहून जास्त रात्रीत वाळत नाहीत.

खरी अडचण सूक्ष्मदर्शकाखाली येते: बीजाणूच सापडत नाहीत. बारमाही बुरशीत ते थोडेच दिवस तयार होतात. म्हणून खालच्या छिद्रांमागे असलेल्या नळ्यांच्या सगळ्यात ताज्या थरातून काप घ्या आणि एकाच प्रजातीचे निरनिराळ्या झाडांवरचे दोन-तीन नमुने आणा. किमान तीस बीजाणूंची लांबी-रुंदी मोजा. मेल्झर या आयोडीनच्या द्रावणात त्यांचा रंग बदलतो का तेही नोंदवा. द्रावणाचं प्रमाण: ०.५ ग्रॅम आयोडीन, १.५ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, २२ ग्रॅम क्लोरल हायड्रेट, २० मिली पाणी. क्लोरल हायड्रेट विषारी आहे, हातमोजे घाला.

आयटीएस, म्हणजे बुरशी ओळखायला वापरतात त्या डीएनएच्या तुकड्याचा क्रम जुळवताना जीनबँक या क्रमांच्या खुल्या साठ्यातल्या नावावर विसंबू नका. तिथे चुकीच्या नावाने चढवलेले क्रम पुष्कळ आहेत. तुलना शक्यतो मूळ प्रमाण नमुन्याच्या, म्हणजे ज्यावरून प्रजातीला नाव दिलं त्या नमुन्याच्या क्रमाशी करा, सोबत एलएसयू हा डीएनएचा दुसरा तुकडाही घ्या. क्रम वेगळा आणि बांधणीही वेगळी असेल तरच नवी प्रजाती म्हणा. २०१३ पासून नाव प्रसिद्ध करण्याआधी मायकोबँकसारख्या, बुरशीच्या नावांची नोंद ठेवणाऱ्या मान्यताप्राप्त ठिकाणी नोंदणी क्रमांक घ्यावाच लागतो, आणि प्रमाण नमुना पुण्यात आघारकर संशोधन संस्थेच्या अजरेकर हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहात, जमा करता येतो.