दिवसाउजेडी शुक्र

मार्च २०२५ च्या पहिल्या आठवड्यात, दुपारी साडेचारच्या सुमाराला, पुण्यातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून मी शुक्राची कोर टिपली. माझ्या आजवरच्या ग्रहचित्रांमध्ये ते चित्र मला सर्वांत प्रिय आहे. सूर्यास्ताला अजून दोन तास अवकाश होता, आकाश निळे होते आणि त्या निळ्यात, बिंबाचा जेमतेम दहावा हिस्सा उजळलेला, दोन्ही टोके सुईसारखी निमुळती झालेला शुक्र पडद्यावर स्थिर उभा होता. त्याच दिवशी संध्याकाळी अंधार पडल्यावर तोच ग्रह मी पुन्हा टिपला. त्या चित्रात कोरीची कड लाल-निळ्या झालरीत विरघळली आहे आणि टोके कोठे संपतात हे ठरवता येत नाही.

दोन चित्रांतल्या या फरकाचे कारण सरळ आहे. बुध आणि शुक्र सूर्यापासून फार दूर जातच नाहीत. शुक्र जास्तीत जास्त सुमारे ४७ अंश आणि बुध १८ ते २८ अंश. त्यामुळे अंधार पडेपर्यंत थांबावे तर ते क्षितिजाजवळ उतरलेले असतात. क्षितिजापासून १५ अंशांवर असलेल्या ग्रहाचा प्रकाश डोक्यावरच्या ग्रहाच्या मानाने जवळजवळ चौपट हवेतून आपल्यापर्यंत येतो, आणि ती हवाही दिवसभर तापलेल्या शहरावरची असते. दिवसा हेच ग्रह चांगले उंचावर असतात. शिवाय काळ्या आकाशात शुक्राच्या तेजाने डोळा आणि कॅमेरा दोघेही दिपतात, तर निळ्या पार्श्वभूमीवर ते तेज आवरल्यासारखे होते. दिवसा ग्रह टिपणे ही रात्र न मिळाल्यामुळे करायची तडजोड आहे, असे मानणारे बरेच जण मला भेटतात. बुध-शुक्रापुरते तरी मला हे मान्य नाही. त्यांच्यासाठी दिवस हीच खरी वेळ आहे.

माझी दुर्बीण १२७ मिलिमीटर व्यासाची, १५०० मिलिमीटर नाभीय अंतराची माक्सुतोव्ह (भिंग आणि आरसे दोन्ही वापरणाऱ्या जातीची) आहे, आणि कॅमेरा २.९ मायक्रॉन पिक्सेलचा, अवरक्त प्रकाशाला संवेदनशील असा आहे. या जोडीत एका पिक्सेलवर आकाशाचा सुमारे ०.४ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) भाग येतो. त्या आठवड्यात शुक्राचे बिंब ५० आर्कसेकंदांहून मोठे होते, म्हणजे चित्रात सव्वाशे पिक्सेलच्या वर. कॅमेऱ्याला दिसणारे आकाश मात्र सुमारे १३ बाय ७ आर्कमिनिटांचे (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग), पौर्णिमेच्या चंद्राच्या व्यासाच्या निम्म्याहूनही अरुंद. एवढ्या खिडकीत, एकही तारा दिसत नसताना, ग्रह आणायचा कसा, हा दिवसाच्या छायाचित्रणातला पहिला खरा प्रश्न आहे. दुसरा प्रश्न फोकसचा आहे आणि नवशिके बहुधा त्यातच हरतात. फोकस थोडा जरी हुकला तरी शुक्राचा प्रकाश पसरून निळ्यात पूर्ण मिसळतो; ग्रह खिडकीच्या मधोमध असूनही पडदा रिकामा दिसतो आणि आपण दुर्बीण इकडेतिकडे फिरवत राहतो.

या दोन्ही प्रश्नांचे उत्तर सूर्यच देतो. दुर्बिणीच्या तोंडावर सौर फिल्टर चढवून मी आधी सूर्य खिडकीत आणतो, एखादा सौरडाग मध्यभागी घेऊन माउंटला, म्हणजे दुर्बीण पेलून फिरवणाऱ्या यंत्रचालित बैठकीला, ‘हा सूर्य’ असे सांगतो आणि त्या डागाच्या गडद गाभ्याची कड रेखीव होईपर्यंत फोकस जुळवतो. कॅमेऱ्यापुढचा अवरक्त फिल्टर (फक्त अवरक्त प्रकाश आत सोडणारा; तो कशासाठी ते पुढे येईल) या वेळीही जागच्या जागी असावा लागतो, कारण काच मध्ये आली की फोकस सरकतो. त्यानंतर माउंटला शुक्राकडे वळायची आज्ञा द्यायची, दुर्बीण पूर्ण थांबू द्यायची, आणि मगच तोंडावरचा फिल्टर काढायचा. वळताना फिल्टर काढलेला असेल आणि माउंटने सूर्यावरून जाणारी वाट निवडली, तर कॅमेरा गेलाच म्हणून समजावे.

सूर्याच्या बाबतीत मी एकही पायरी गाळत नाही. दृश्य निरीक्षणाची फिल्टर-फिल्म प्रकाशाचा एक लक्षांश हिस्सा आत सोडते. छायाचित्रणासाठी मिळणारी कमी घनतेची फिल्म सुमारे सहा हजारांपैकी एक हिस्सा सोडते आणि ती फक्त कॅमेऱ्यासाठी असते. तिच्यातून डोळ्याने कधीही पाहू नये. फिल्म वापरण्यापूर्वी दर वेळी दिव्यासमोर धरून छिद्र शोधावे, आणि चौकट दुर्बिणीला चिकटपट्टीने बांधावी, कारण गच्चीवरच्या वाऱ्याचा भरवसा नसतो. जुन्या दुर्बिणींबरोबर नेत्रिकेत बसवायचे गडद काचेचे फिल्टर येत, ते तर फेकून द्यावेत; सगळी उष्णता नेमकी तेथे एकवटते आणि काच अचानक तडकते.

एवढी काळजी घेत असूनही एकदा माझ्या हातून चूक घडली आहे. मुख्य दुर्बिणीवर फिल्टर होता, पण तिच्यावर नेम धरण्यासाठी बसवलेल्या छोट्या शोधक दुर्बिणीचे झाकण घालायचे राहिले. सूर्य खिडकीत आला, मी पडद्याकडे पाहत होतो, आणि काही क्षणांतच प्लॅस्टिक जळल्याचा वास आला. शोधक दुर्बिणीतल्या फुलीची एक तार वितळून वाकडी झाली होती. तेथे डोळा असता तर काय झाले असते, हा विचार त्या रात्री मला झोपू देईना. त्या दिवसापासून सूर्याच्या कामाला बसताना शोधक दुर्बीण मी काढूनच ठेवतो.

सावलीचेही एक तंत्र आहे. शुक्र सूर्याच्या पूर्वेला असेल, म्हणजे संध्याकाळी दिसणारा असेल, तर दुपारनंतर सूर्य भिंतीआड खाली खाली जातो आणि सावली आपल्या बाजूने वाढत राहते. शुक्र पहाटेचा असेल तर मात्र सूर्य भिंतीमागून वर चढत असतो आणि सावली हळूहळू पायाखालून निसटते. अशा वेळी ऊन किती वाजता दुर्बिणीवर येणार हे आदल्या दिवशी पाहून ठेवावे आणि त्याच्या बरेच आधी झाकण घालावे.

त्या मार्चच्या दुपारी गच्चीवर वाळवण उचलायला आलेले तिसऱ्या मजल्यावरचे काका पडद्यापाशी थांबले. “चंद्र छान आलाय हो,” ते म्हणाले. मी म्हटले, “काका, हा चंद्र नव्हे, शुक्र आहे. दुर्बिणीच्या नळीच्या रेषेत वर बघा, पण टाकीच्या सावलीतून हलू नका.” मिनिटभर ते मान वर करून पाहत राहिले. नजर दूरवर ठरायला तेवढा वेळ लागतोच, कारण रिकाम्या निळ्यात डोळ्याला धरायला काहीच नसते. मग एकदम म्हणाले, “दिसला! अरे, हा तर केव्हाचा तेथेच आहे!” सत्तरी ओलांडलेल्या त्या गृहस्थांनी भर दिवसा नुसत्या डोळ्यांनी ग्रह पाहिला, याचा आनंद मला चित्रापेक्षाही अधिक झाला.

आता आकाशाच्या निळ्याविषयी. हवेतले रेणू लहान तरंगलांबीचा प्रकाश कितीतरी अधिक विखुरतात. हे प्रमाण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त असते. म्हणजे ८५० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशात रेणूंचे विकिरण ४५० नॅनोमीटरच्या निळ्याच्या मानाने सुमारे तेरा पटींनी कमी होते, आणि त्या फिल्टरमधून आकाश खरोखरच काळवंडते. हे गणित स्वच्छ हवेचे आहे. धूळ आणि धूर असले की सूर्याभोवती पांढुरके तेज पसरते आणि त्यावर अवरक्त फिल्टरही फारसा चालत नाही. पाऊस पडून गेल्यानंतरची उघडीप म्हणूनच मी सोडत नाही.

नको त्या प्रकाशातून हवा तो प्रकाश निवडण्याची ही युक्ती नवी नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात गुंटूर येथे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी सूर्याच्या कडेवरच्या ज्वाला वर्णपटदर्शकातून (प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या उपकरणातून) पाहिल्या, आणि त्यांच्या रेषा इतक्या तेजस्वी होत्या की दुसऱ्याच दिवशी, ग्रहण नसताना, भर उन्हात त्यांनी त्याच ज्वाला पुन्हा पाहिल्या. वर्णपटदर्शकात आकाशाचा उजेड पसरून फिका होतो, ज्वालेचा प्रकाश मात्र अरुंद रेषेत एकवटलेला राहतो. इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे हे साधले. हेच लॉकियर पुढे १८९८ च्या ग्रहणासाठी आपल्या विजयदुर्गावर आले होते. आजच्या हायड्रोजन-अल्फा दुर्बिणी फक्त ६५६.३ नॅनोमीटरच्या तरंगलांबीपुरती अरुंद फट ठेवून हेच काम करतात. तशी दुर्बीण माझ्याकडे नाही. माझ्या फिल्ममधून फक्त सौरडाग आणि कडेजवळचे उजळ पट्टे दिसतात, पण मे २०२४ मधला १३६६४ क्रमांकाचा डागसमूह ग्रहणाच्या चष्म्यातूनही दिसण्याएवढा मोठा होता आणि त्याची चित्रे घेताना मला कशाचीच उणीव भासली नाही.

गुरू मात्र दिवसा फार कठीण आहे. त्याच्या चकतीचे तेज शुक्राच्या पासंगालाही पुरत नाही. ऑक्टोबर २०२५ च्या मध्याला तो सूर्यापासून साधारण ९० अंशांवर होता आणि पुण्यात सूर्योदयाच्या सुमाराला जवळपास डोक्यावर येत होता. सूर्यापासून ९० अंशांवर आकाशाचा उजेड सर्वाधिक ध्रुवीभूत, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा, असतो, म्हणून पोलरायझर (ठरावीक दिशेत कंप पावणारा प्रकाशच आत सोडणारा फिल्टर) फिरवून तो बराच दाबता येतो. मी पहाटे अंधारातच गुरू पकडला, माउंटला त्याचा पाठलाग करू दिला आणि दर दहा मिनिटांनी ध्वनिचित्रफीत घेत राहिलो. सूर्योदयाच्या आधीच उपग्रह एकेक करून नाहीसे झाले. सूर्य वर आल्यावर गुरू एक फिकट, कागदी चकती होऊन उरला. अवरक्तात आकाश काळे होते, पण त्याचे तपकिरी पट्टेही पुसट होतात, म्हणून शेवटी ६१० नॅनोमीटरचा लाल फिल्टर आणि पोलरायझर हीच जोडी उपयोगी पडली. येथे ८ बिटांचे चित्रण कामाचे नाही; बिट जितके जास्त, तितक्या तेजाच्या बारीक पायऱ्या नोंदता येतात. ग्रह आणि आकाश यांच्यातला फरक इतका थोडा असतो की तो १२ किंवा १६ बिटांतच टिकतो. चित्रफितीतल्या पाच हजार चौकटींमधल्या सर्वांत स्थिर पाचशे निवडून रचल्यावर आणि आकाशाची पातळी वजा केल्यावर, सकाळी साडेसातच्या उन्हातले दोन्ही मुख्य पट्टे वर आले.

वेळेबाबतही सकाळच बरी. गच्चीची लादी तापली की तिच्यावरून उठणारी हवा सौरडागाची कड उकळत्या पाण्यासारखी हलवते. लादीवर पांढरी चादर अंथरून आणि दुर्बीण शक्यतो उंच ठेवून थोडा फरक पडतो, पण अकरानंतर मी सूर्याचे चित्रण सहसा करत नाही.

९ मे २०१६ रोजी मात्र वेळ निवडण्याची मुभा नव्हती. संध्याकाळी पावणेपाचच्या सुमाराला बुध सूर्यबिंबावर सरकू लागला, आणि सूर्य मावळेपर्यंत जेवढे मिळाले तेवढे मी घेतले: सूर्याच्या व्यासाच्या सुमारे १५८ व्या हिश्श्याएवढा, सौरडागांपेक्षा काळा, अगदी गोल ठिपका. शेवटच्या चित्रांमध्ये क्षितिजाजवळच्या हवेने तो लांबट झाला आहे. बुधाचे यापुढचे अधिक्रमण, म्हणजे असे सूर्यबिंबावरून सरकणे, १३ नोव्हेंबर २०३२ रोजी आहे. ते दुपारी बाराच्या सुमाराला सुरू होऊन साडेचारच्या सुमाराला संपेल, म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत ते पुण्याच्या आकाशातच घडेल. त्या दुपारी नोव्हेंबरमधला सूर्य टाकीच्या आड केव्हा जातो, हे मी गेल्या नोव्हेंबरात खडूने गच्चीवर आखून पाहिले. पश्चिमेकडच्या कठड्यालगत दुर्बीण ठेवली तर पाच वाजेपर्यंत अडथळा नाही.