नुसतं वाचलं

शुक्रवार, रात्री

७१ शब्द. एका मिनिटात, तिसरीतल्या पोरीनं. अडखळली एकदाच, तेही स्वतःच सुधारून घेतलं, म्हणजे ती चूक धरायची नाही. निपुण भारतच्या, म्हणजे सरकारच्या वाचन-गणिताच्या मोहिमेच्या, हिशेबात तिसरीला ६० पुरतात. मोबाइलवरचं घड्याळ बंद केलं, वहीत आकडा मांडला आणि सहज विचारलं, उताऱ्यातलं करडू शेवटी कुठं सापडलं गं? ती कागदाकडे नाही, माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाई, ते नाही बघितलं. मी नुसतं वाचलं."

दुपारपासून हे 'नुसतं' डोक्यातून जात नाही.

तिचं काय चुकलं? सांगितलं तेच तिनं केलं. माझ्या प्रतीवर प्रत्येक ओळीच्या शेवटी शब्दांची बेरीज लिहिलेली असते. चुकलेल्या शब्दावर तिरकी रेघ, गाळलेल्याभोवती गोल. तीन सेकंद अडली की शब्द सांगून टाकायचा आणि चूक धरायची. मिनिट भरलं की तिथं कंस. सगळं चोख. उद्दिष्टात 'आकलनासह' आहे, माझ्या तक्त्यात त्याचा रकाना नाही. तक्ता मीच आखलाय, त्यामुळे चिडायलाही कुणी नाही.

जूनपासून रोज घसा फोडायचा, पोषण आहाराच्या नोंदी सांभाळत, दोन इयत्ता एका खोलीत बसवून, आणि त्याचं फळ हे. आईच्या डोळ्याचं तर... ते नको आत्ता.

कान देऊन ऐकलं असतं तर आधीच कळलं असतं. तिचा आवाज पूर्णविरामाला पडत नव्हता, ओळ संपली की पडत होता. 'करडू विहिरीच्या' इथं ओळ संपली, आवाज खाली. 'कठड्यामागे' हा नवीनच शब्द असल्यासारखा पुन्हा वरून सुरू. बोटही एकसारखं सरकत होतं, नखावरची मेंदी अर्धी उडालेली. 'बकरी'वरून गेलं त्याच वेगानं 'कठड्यामागे'वरून गेलं. कळत असतं तर तिथं क्षणभर तरी रेंगाळलं असतं. आणि मी बघत होते घड्याळ.

शब्द मोजायचं तरी काय? 'तो' हा एक शब्द आणि 'झाडाखालच्या' हाही एकच.

खरं तर ती इथवर आली तेच थोडं नाही. ग म भ न सोपं असतं, पुढं खरी गंमत. 'पिशवी'त डोळ्याला आधी वेलांटी दिसते, तोंडाला आधी प लागतो. 'गर्दी'तला र बोलायचा द च्या आधी, लिहिलेला मात्र पार शेवटी, दुसऱ्या वेलांटीच्या डोक्यावर. 'करवत' चार सुट्या अक्षरांत वाचलं तर शब्दच होत नाही, कर-वत असं दोनात तोडावं लागतं. 'चार'मधला च वेगळा, 'चाक'मधला वेगळा, आणि हे कुठं लिहिलेलं नसतं. शब्द ओळखीचा असेल तरच जीभ बरोबर वळते. पोरांचं सगळं लक्ष यातच खर्च होतं, अर्थासाठी उरतच नाही. ती यातून पार झाली म्हणून तर मी खूश होते. पार झाली आणि तशीच पळत सुटली.

सोमवारसाठी उतारा नव्यानं लिहिलाय, मोठ्या अक्षरात, आठच वाक्यांचा. ओळ कागद संपला म्हणून नाही, अर्थाला तोडलीय: 'आजी अंगणात', खाली 'तांदूळ निवडत', त्याखाली 'बसली होती'. आधी मी वाचणार, पोरं कागद पालथा घालून ऐकणार. मग मनात, मग मोठ्यानं. तिसऱ्या वाक्याला थांबवून विचारायचं, आता काय होईल? उत्तर चुकलं तरी चालेल, यायला हवं. 'माझ्या मागून म्हणा' काही दिवस बंद. त्यात ओठ हलतात आणि डोळे खिडकीबाहेर. पाठ केलेलं ओळखायचं तर मधलाच शब्द दाखवायला सांगावा. पाठवाली पोरं पहिल्यापासून म्हणत म्हणत तिथवर येतात.

प्रश्नांचंही तसंच. 'कुठं'ला पोरं हुशार होतात, प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकतात आणि शेजारचं वाचून दाखवतात. 'का' तसा उचलता येत नाही.

७१ चे ४५ होतील काही आठवडे. केंद्रप्रमुखांना कागदावर अधोगती दिसेल. दिसू दे. म्हणजे, दिसू दे असं आत्ता रात्री म्हणतेय.

लिहिता लिहिता परवाचं आठवलं. ते परिपत्रक ऑफिसात सगळ्यांना मीच मोठ्यानं वाचून दाखवलं, चार पानं, कुठं न अडखळता. शेजारच्या वर्गाच्या बाईंनी विचारलं, म्हणजे आपण नक्की करायचं काय? मी कागदाकडे नाही, त्यांच्याकडे बघत राहिले. एकटीच हसले तर हे झोपेतून विचारतायत, काय झालं.

पर्समधून काढून आत्ता बघितलं. माहिती पाठवायची मुदत तिसऱ्या पानावर होती. कालची.