मुंडावळ्यांची वही

लग्नाला ४३ दिवस

ताईचा फोन. भाचीच्या लग्नाची तारीख पक्की झाली, हॉल मिळाला, बस्ता पुढच्या आठवड्यात. बोलता बोलता म्हणाली, "मुंडावळ्या तूच कर. नाहीतरी दिवसभर मणीच ओवत बसतोस." टोमणा होता. मी काम मिळालं असं समजून वही उघडली.

माझा हिशोब थोडक्यात सांगतो. कारखान्याच्या टूलरूममध्ये ३१ वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात, म्हणून मण्यांना लागलो. आतापर्यंतचं काम म्हणजे बायकोची दोन पदरी पोत, नातवाच्या बारशाला काळ्या मण्यांच्या मनगट्या (त्यात प्रत्येक मण्यानंतर गाठ मारली होती, कारण पोरगं पहिल्या दिवसापासून मनगट तोंडात घालणार हे ठरलेलंच होतं) आणि विहीणबाईंसाठी एक तन्मणी. त्याचं खोड, म्हणजे मधलं पदक, सतत उलटं फिरतं. त्या काही बोलत नाहीत, पण प्रत्येक फोटोत त्यांचा एक हात गळ्याशी असतो.

मुंडावळ्या कधी केल्या नव्हत्या. रचना तशी सोपी आहे. कपाळावर आडवे दोन पदर, दोन्ही कानशिलांपासून खाली लोंबणारा एकेक पदर आणि मागे बांधायला दोरी. नवरीची एक, नवऱ्याची एक. बाजारातली जोडी बघितली. तंगुसात, म्हणजे नायलॉनच्या ताठ दोऱ्यात, ओवलेले प्लास्टिकचे मोती, टोकाला डिंकाचा ठिपका. तंगूस मासे पकडायला उत्तम. लहानपणी खाडीवर तेच वापरायचो. कपाळावर मात्र ते कमानीसारखं उभं राहतं, वळत नाही. म्हणून ठरवलं की रेशमात गाठवायच्या.

३८ दिवस

पुण्यात रविवार पेठेत, बोहरी आळीत. दुकानदाराकडे ४ मिमीच्या काचेच्या मोत्यांच्या लडी मागितल्या आणि खिशातून बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर काढला. तो आधी हसला, मग त्याने पोराला बोलावून दाखवलं. एकाच लडीत ३.७ पासून ४.२ पर्यंत माप निघालं. नुसत्या ओवलेल्या माळेत हे खपून जातं. पण दोन पदर एकमेकांना लागून चालणार असतील, तर दहाव्या मण्यापासून एक पदर पुढे पळायला लागतो. घरी येऊन ताटात जुना टॉवेल अंथरला (नुसत्या ताटात मणी उड्या मारतात) आणि तीन ढीग केले: ३.९च्या खालचे, ४.१च्या वरचे, मधले. मधल्या ढिगाच्याच मुंडावळ्या होणार. बाकीचे कानातल्यांना.

मापं अशी: भाचीच्या एका कानशिलापासून दुसऱ्यापर्यंत कपाळावरून २७ सेंटीमीटर, लोंबते पदर २० सेंटीमीटर. जावईबापूंना त्यांच्याच डोक्याला टेप लावून फोटो पाठवायला सांगितला. त्यांनी कंबरेला लावायचा बेल्ट गुंडाळून फोटो पाठवला. मुलगा चांगला आहे. शेवटी त्यांच्या आईने दोरा लावून मोजलं: कपाळ ३०, लोंबते २२.

३५ दिवस

ताईकडे गेलो होतो. तिने कपाटातून फोटोच्या रोलची काळी डबी काढून दिली. आत आईच्या चिंचपेटीचे सुटे मोती. चिंचपेटी तुटून कितीतरी वर्षं झाली. सोनं कशाकशात गेलं, मोती तेवढे राहिले. मोजले, १४ निघाले.

रात्री एकेक मोती दाताच्या कडेवर अलगद घासून बघितला. खरा मोती खरखरतो, बारीक वाळू असल्यासारखा. खोटा गुळगुळीत सरकतो. बारा खरखरले, दोन सरकले.

परत घासून बघितले. तेच. जिवापाड जपलेला आईचा दागिना आणि त्यात दोन मोती खोटे. कुणी बदलले, कधी, कशासाठी, हे विचारायचं तर विचारणार कुणाला? ताईला फोन लावला. ती जरा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "असू दे. तेही घाल कुठेतरी."

हिशोब मात्र सुरेख जमतोय. जोडीत लोंबते पदर चार, खरे मोती बारा. म्हणजे प्रत्येक टोकाला तीन-तीन. खोट्या दोघांचं काय करायचं ते नंतर बघू.

२९ दिवस

पहिला पदर झाला आणि वाया गेला. चूक शाळकरी होती. २७ सेंटीमीटरला ४ मिमीचे मणी म्हणून ६८ धरले. सगळे गाठवून झाल्यावर मोजलं तर साडेबत्तीस. गाठीला जागा लागते हे मनगट्यांच्या वेळी कळायला हवं होतं, पण तिथे माप एवढं काटेकोर नव्हतं. माझ्या रेशमात गाठ ०.८ मिमी खाते. म्हणजे मण्याला ४.८ धरायचे आणि २७ सेंटीमीटरला ५६ मणी पुरे. तुम्ही करणार असाल तर आधी दहा मणी गाठवा, मोजा आणि मगच लडीला हात लावा.

दोऱ्याचंही एक. नवं रेशीम तसंच वापरलं की महिनाभरात सैल पडून गाठ आणि मणी यांच्यात फट दिसायला लागते. एक मीटर रेशमाला खाली नट बांधून रात्रभर खिडकीच्या गजाला लटकवलं. सकाळी १२ मिमी लांब झालं होतं. आता सगळं रेशीम असंच लटकून येतं. खालून जाणाऱ्या शेजाऱ्यांनी बायकोला विचारलं, काही बाहेरचं आहे का म्हणून.

२४ दिवस

वजनाचा घोळ. भाचीच्या पूर्ण मुंडावळीत १९४ मणी बसतात. सगळे काचेचे घेतले तर मणीच १५ ग्रॅम भरतात, प्लास्टिकचे घेतले तर साडेसहा. आकडा किरकोळ वाटतो, पण बायकोच्या कपाळावर बांधून बघितलं. काचेची मुंडावळ दहा मिनिटांत भुवयांवर उतरली. प्लास्टिकची जागची हलली नाही, पण तिचे लोंबते पदर पंख्याच्या वाऱ्याने गालावर येऊन चिकटायला लागले. बायको म्हणाली, "एवढ्यात होमाचा धूर, वर हे."

मग सरळ विचार केला. कपाळावर हलकं हवं, लोंबायला जड हवं. आडवे पदर प्लास्टिकचे, उभे काचेचे. ट्यूबलाइटखाली जोडी झकास दिसली. सकाळी गॅलरीत नेली तर काच दुधी पांढरी आणि प्लास्टिक तुपकट पिवळं. परत बोहरी आळी. या वेळी काचेचे दोन मणी दोऱ्यात ओवून नेले आणि प्रत्येक पाकीट दुकानाच्या पायरीवर उन्हात येऊन त्यांच्याशी लावून बघितलं. अकराव्या पाकिटाला रंग जुळला. दुकानदार आता मला लांबूनच ओळखतो, आणि ते त्याला फारसं आवडत असावं असं नाही.

१७ दिवस

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा. मागची दोरी म्हणजे गोफ कसा करायचा ते अडलं होतं. तयार जरीची दोरी केसांवरून सुळकन सुटते. पेठेत एक पटवेकरी आजोबा अजून बसतात, मंगळसूत्रं गाठवून देतात. दुकान कसलं, जिन्याखालची साडेतीन फुटांची जागा. आजोबा पाटावर बसलेले, एक पाय पुढे आणि दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्याला अडकवलेलं. अंगठा मागे घेतला की दोरा ताठ, पुढे केला की सैल. मी घरी टेबलाला व्हाइस (लोखंडी पकड) लावून जे करत होतो ते यांचा अंगठा करत होता, आणि जास्त चांगलं.

माझा अर्धवट पदर त्यांनी हातात घेतला, नखाने दोन गाठी चाचपल्या आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही गाठ ओढता. गाठ ओढायची नाही, मणी ढकलायचा."

करून दाखवलं. आधी सैल गाठ. तिच्या फासात सुई घालून फास मण्याच्या अंगाशी आणायचा. इथपर्यंत मीही तसंच करत होतो. पण सुई काढल्यावर मी दोरा वर खेचायचो, त्यामुळे प्रत्येक गाठ किंचित वेगळ्या जागी बसायची. ते दोरा अंगठ्यावर ताठ धरतात आणि मणीच नखाने गाठीवर दाबतात. गाठ मण्याच्या भोकाच्या तोंडात बसते, बाहेर फक्त टिकलीएवढी दिसते. माझ्या दहा गाठी त्यांनी मोजल्या आणि नापास केल्या. अकरावी बरी म्हणाले.

आईच्या मोत्यांचंही विचारलं. त्यांची भोकं बारीक आहेत, माझा दोरा दुहेरी जात नाही. भोक जरा मोठं करू का, माझ्याकडे ०.६चं ड्रिल आहे, असं म्हणालो. त्यांनी माझ्याकडे बघितलं ते मी विसरणार नाही. "मोती फुटला तर नवा कुठून आणाल? दोरा बारीक घ्या." एवढं बोलून चार धाग्यांचा गोफ शिकवायला लागले. पैसे विचारले तर म्हणाले, गोफ नीट जमला की दाखवायला या.

घरी पायाच्या अंगठ्याला दोरा बांधून बसलो. वीस मिनिटांत पायात गोळा आला. पण गाठ आता ०.६वर येते.

आणि गाठ ०.६ची झाली की ५६ मणी २७ सेंटीमीटर भरत नाहीत, हे ध्यानात यायला जेवणाची वेळ झाली. आता ५९. मुंडावळीत एकूण दोनशेच्या वर. पुन्हा सगळं.

११ दिवस

भाचीची झाली, जावईबापूंची निम्मी. आज गाढवपणा केला. शेवटच्या गाठीवर झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा थेंब टाकला आणि पदर लगेच डबीत बंद करून ठेवला. सकाळी उघडलं तर गाठीजवळच्या मोत्यांवर पांढरी भुकटी बसल्यासारखी. या गोंदाची वाफ बंद जागेत आसपास बसते आणि पांढरे डाग पडतात, हे मला माहीत होतं. कारखान्यात पोरांना मीच ओरडायचो. डाग काढायला बायकोचं नेलपॉलिश रिमूव्हर घेतलं. तेही करायला नको होतं. त्यातलं अॅसिटोन प्लास्टिकलाच खातं. चकाकी निघून आली, खालचा मणी चिकट झाला आणि बोटाचा ठसा त्यात कायमचा उमटला. नऊ मणी गेले. मणी मधोमध असते तरी पदर कापावाच लागला असता, टोकाला होते म्हणून जरा कमी उसवलं.

आता गाठीवर साधं पारदर्शक नेलपॉलिश, टाचणीच्या टोकाने, तेही फक्त दोऱ्यावर. आणि दिवसभर उघड्यावर वाळवायचं. आईच्या मोत्यांजवळ तर काहीच नाही. तिथे तीन गाठी एकावर एक आणि देवाचं नाव.

५ दिवस

भाची बघायला आली. आरशासमोर बांधली, मान हलवली, उड्या मारून बघितल्या. आईच्या मोत्यांना बोट लावून म्हणाली, "हे आजीचे ना?" आणि लगेच, "मामा, आकडे लावायला जागा कुठेय?"

नाही ठेवली. हे मला सुचणं शक्यच नव्हतं, माझ्या डोक्यावर आकडा लावायला केस कुठे आहेत. आडव्या पदरांच्या मागे, सहा-सहा सेंटीमीटरवर, बारीक दोऱ्याचे चार फास बांधले. समोरून दिसत नाहीत, आकडा आरपार जातो. पुढच्या वेळी हे पहिल्या दिवसापासून.

ती गेल्यावर गोफाची टोकं उरली होती. नुसती कापून सोडली तर उसवतात. तिथे डबीतले ते दोन मोती बसवले, एका टोकाला एक, खाली छोटा रेशमी गोंडा. गळ्यात नाही, कपाळावर नाही, मागे केसांत. कुणाला दिसायचे नाहीत आणि ताईचं म्हणणंही राहिलं.

१ दिवस

पटवेकरी आजोबांना गोफ दाखवून आलो. उलटापालटा करून बघितला. "चालेल," म्हणाले. घरी येऊन बायकोला दोनदा सांगितलं.

लग्न

मुंडावळ सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत कपाळावर होती. खाली उतरली नाही. होमाच्या वेळी एक लोंबता पदर हाराच्या फुलात अडकला, तिने सोडवला, गाठ सुटली नाही. जावईबापूंची फेटा बांधणाऱ्याने फेट्याखाली दडपली, त्यामुळे वरच्या पदराचे ६६ मणी कुणी बघितलेच नाहीत. त्यासाठी मी किती रात्री जागलो ते फेटेवाल्याला कुठलं माहीत.

मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन या, म्हणून पुकारा झाला. तिला आणून अंतरपाटाअलीकडे उभी केली आणि मी मागे उभा राहिलो. समोरच्या सगळ्यांना मुंडावळीची पुढची बाजू दिसत होती. मामाच्या वाट्याला येतो अंबाडा, गजरा आणि त्याखाली गोफाची गाठ. गाठीखाली ते दोन मोती. उजवा डाव्यापेक्षा तीन मिलिमीटर खाली लोंबत होता. पाच दिवसांपूर्वी मोजला तेव्हा सारखा होता, मग ताईने बांधताना गाठ तिरकी मारली असणार. का माझाच गोफ एका बाजूने ताणला गेला? हात पुढे करून सरळ करावी की नको, असा विचार करत राहिलो. सहा मंगलाष्टकं झाली. शेवटचं सावधान कानावर आलं, अंतरपाट बाजूला झाला, सगळीकडून अक्षता पडल्या. माझ्या मुठीतल्या मुठीतच राहिल्या.