घरच्या पीसीची सफाई, पुढचा अपडेट: नकली एसव्हीसीहोस्ट मुळासकट काढला

मंडळी, मागे सांगितलं होतं की काही काम चालू नसताना पण पीसीचा फॅन जोरात फिरतोय आणि टास्क मॅनेजर (काय काय चालू आहे ते दाखवणारं विंडोजचं टूल) उघडला की लगेच सगळं गप्प होतं, ते प्रकरण आता मार्गी लागलंय. ते गप्प होणंच खरं तर मोठी खूण होती, कारण चोरून क्रिप्टो मायनिंग करणारे (म्हणजे आपल्या पीसीची ताकद वापरून दुसऱ्यासाठी डिजिटल चलन कमावणारे) बरेच प्रोग्राम टास्क मॅनेजर दिसला की आपणहून थांबतात. म्हणून यावेळी सिसइंटर्नल्स या विंडोज टूल्सच्या संचातला प्रोसेस एक्सप्लोरर वापरला, तो चालू प्रोग्रामची जास्त बारीक माहिती दाखवतो. (हे टूल घ्यायचं ते मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून, २००६ पासून सिसइंटर्नल्स त्यांच्याकडेच आहे, दुसरीकडून घ्यायचं काही कारणच नाही.)

आता एसव्हीसीहोस्ट (svchost.exe, विंडोजच्या पडद्यामागच्या सर्व्हिसेस चालवणारा प्रोग्राम) नावाच्या प्रोसेस, म्हणजे चालू असलेले प्रोग्राम, विंडोजमध्ये ढीगभर असतात आणि त्या असायलाच पाहिजेत, त्यामुळे नुसतं नाव बघून कोणाला उडवायला जाऊ नका प्लीज. मी नावाकडे बघतच नाही, तीन गोष्टी बघतो, फाइल कुठे बसलीय, तिला कोणी चालू केलं आणि तिच्यावर डिजिटल सही कोणाची आहे. खरा एसव्हीसीहोस्ट सिस्टीम३२ फोल्डरमधून चालतो (३२ बिटवाली कॉपी सिसवॉव६४ मध्ये असते), त्याचा पॅरेंट (म्हणजे त्याला चालू करणारा) सर्व्हिसेस डॉट ईएक्सई असतो आणि कमांड लाइनमध्ये, म्हणजे तो ज्या आज्ञेने चालू होतो तिच्यात, डॅश के (-k) आणि पुढे ग्रुपचं नाव असतं. माझ्याकडे सगळे नीट सर्व्हिसेसच्या खाली ओळीत होते आणि एकटा एक प्रोसेसच्या ट्रीच्या (कोणी कोणाला चालू केलं त्या यादीच्या) डाव्या कडेला, म्हणजे ज्याने चालू केलं तो कधीच बंद होऊन गेलेला, कमांड लाइनमध्ये डॅश के नाही, पाथ अ‍ॅपडेटा रोमिंगमधला, आणि व्हेरिफाय सिग्नेचर ऑन केल्यावर कंपनीच्या जागी मायक्रोसॉफ्ट लिहिलेलं पण सही मात्र नाही. कंपनीचं नाव फाइलमध्ये कोणीही लिहू शकतो हो, सही तशी लिहिता येत नाही.

तरी लगेच डिलीट नाही केलं. आधी पॉवरशेलमध्ये (विंडोजच्या कमांड विंडोत) गेट फाइलहॅश चालवून एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसाच म्हणा, काढला, तो ६४ अक्षरांचा हॅश व्हायरसटोटलवर (एकच फाइल अनेक अँटिव्हायरसकडून तपासणारी साइट) नुसता सर्च केला. हे मी नेहमी असंच करतो, कारण अपलोड केलेली फाइल तिथे दुसऱ्यांनाही मिळू शकते, हॅश शोधला तर आपल्या घरातलं काहीच बाहेर जात नाही. रिझल्टमध्ये बहुतेक सगळी नावाजलेली अँटिव्हायरस इंजिनं लाल, आणि जवळपास सगळ्यांचं म्हणणं एकच, मायनर, म्हणजे तेच चोरून मायनिंग करणारं. एखाद-दुसऱ्या इंजिनने लाल दाखवलं तर मी घाबरत नाही, छोट्या टूल्सच्या बाबतीत तसं होतं, पण उलट सगळं हिरवं आलं म्हणजे फाइल साफ असंही धरत नाही, नवीन मालवेअरला कोणी ओळखत नसतं.

खरी मजा पुढे आहे. नुसती फाइल उडवली तर रीस्टार्टनंतर ती परत हजर होते, कारण तिला आणून बसवणारा दुसराच कोणीतरी असतो. ऑटोरन्स (विंडोजबरोबर आपोआप काय काय चालू होतं ते दाखवणारं सिसइंटर्नल्सचंच टूल) अ‍ॅडमिन म्हणून उघडलं, मायक्रोसॉफ्टच्या एंट्री लपवल्या आणि एकेक टॅब शांतपणे बघत गेलो. रन कीमध्ये (रजिस्ट्रीतली आपोआप चालू होणाऱ्या प्रोग्रामची नेहमीची जागा) काहीच नव्हतं. शेड्युल्ड टास्कमध्ये एक अपडेटरसारख्या नावाचं टास्क सापडलं, लॉगऑन झालं की डब्ल्यूस्क्रिप्टला (विंडोजचा स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) एक स्क्रिप्ट चालवायला लावणारं, आणि ती स्क्रिप्ट प्रोग्रामडेटामध्ये एका हिडन फोल्डरात. स्क्रिप्ट नोटपॅडमध्ये उघडून वाचली, नकली एसव्हीसीहोस्टची फाइल जागेवर आहे का ते ती बघते, नसेल तर बाजूच्या फोल्डरमधून कॉपी करून चालू करते, बस एवढंच. नुसती फाइल उडवली असती तर झाडाची फांदी तोडून मूळ तसंच ठेवल्यासारखं झालं असतं.

मग क्रम असा ठेवला. नेट बंद, प्रोसेस किल (पूर्ण बंद) न करता आधी सस्पेंड, म्हणजे जागच्या जागी थांबवली (एकमेकांवर लक्ष ठेवणाऱ्या दोन प्रोसेस असल्या तर किल केल्यावर दुसरी पहिलीला परत उठवते), ऑटोरन्समध्ये टास्कची टिक काढली, एंट्री डिलीट नाही केली म्हणजे काही गडबड झालीच तर परत लावता येईल, मग प्रोसेस किल आणि दोन्ही फोल्डर डिलीट. त्यानंतर डिफेंडरचा (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) ऑफलाइन स्कॅन, तो विंडोज पूर्ण चालू व्हायच्या आधीच तपासतो म्हणून लपायला कमी वाव मिळतो.

आणि एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो, डिफेंडरच्या एक्सक्लुजन लिस्टमध्ये (स्कॅन करताना काय वगळायचं त्याची यादी) नक्की जाऊन बघा. माझ्याकडे तिथे तोच प्रोग्रामडेटामधला फोल्डर घातलेला होता, म्हणजे रोजचे स्कॅन होत होते पण त्या फोल्डरकडे कोणी बघतच नव्हतं. डिफेंडर एवढे दिवस गप्प का होता त्याचं निदान अर्धं उत्तर तिथे मिळालं. मी ती एंट्री काढली आणि मगच स्कॅन लावला.

रीस्टार्ट करून बघितलं, फाइल परत आलेली नाही, फॅन शांत आहे. पासवर्ड सगळे दुसऱ्या डिव्हाइसवरून बदलले आणि जुनी लॉगिन सेशन्स पण बंद केली, कारण ज्याला स्क्रिप्ट चालवता येते त्याने ब्राउझरमधलं काय काय उचललं असेल सांगता येत नाही. आता साफ अवस्थेतली ऑटोरन्सची फाइल सेव्ह करून पेनड्राइव्हवर ठेवलीय, अधूनमधून कंपेअर करणार, नवीन आलेली एंट्री हिरवी दिसते. ब्राउझरची एक्स्टेन्शन्स अजून बघायची राहिलीत, ते पुढच्या वेळी.